म्हैसाळ योजना आणि जतचा सीमाभाग

म्हैसाळ उपसा सिंचन योजना : कृष्णा नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात नेणारी शासकीय योजना. मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ व जत हे तालुके आणि सोलापूर जिल्ह्याचा काही भाग तिच्या लाभक्षेत्रात येतो. उपशाचे ठिकाण म्हैसाळ (ता. मिरज) हे कर्नाटकच्या सीमेलगतचे गाव आहे.

पार्श्वभूमी : सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील जत, आटपाडी, माण व खटाव हे तालुके कृष्णेच्या खोऱ्यात असूनही कोरडे राहिले. नदी खाली आणि शेती वर, त्यामुळे वीज खर्चून पाणी चढवावे लागते. ताकारी व म्हैसाळ या दोन उपसा योजना मिळून झालेल्या कृष्णा-कोयना उपसा सिंचन प्रकल्पाला 1984 मध्ये मंजुरी मिळाली. पण निधी तुटपुंजा असल्याने कामे रेंगाळली.

निधीचे टप्पे : कृष्णेच्या पाण्याचे राज्यांमध्ये वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने 1976 मध्ये महाराष्ट्राला 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. मे 2000 नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकणार होता. त्याआधी हक्काचे पाणी अडवण्यासाठी 1996 मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. महामंडळाने रोखे विकून पैसा उभारला. कराडजवळच्या टेंभू गावातून (जि. सातारा) पाणी उचलून खानापूर-आटपाडीकडे नेणाऱ्या टेंभू योजनेलाही याच काळात गती मिळाली. पुढे केंद्राच्या प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेतून कृष्णा-कोयना प्रकल्पाला साहाय्य मिळाले.

जतचा प्रश्न : जतच्या पूर्व भागातील उमदी, संख, तिकोंडी या परिसरात कन्नड घरोघरी बोलली जाते आणि जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळाही आहेत. पाणी मिळत नसल्याने येथील अनेक गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्यांचा दाखला देत या गावांवर दावा सांगितला. सीमेपलीकडे तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी शेतात पोहोचलेले गावकऱ्यांना दिसत होते. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने या गावांपर्यंत पाणी नेणाऱ्या, सुमारे 2,000 कोटी रुपयांच्या विस्तारित म्हैसाळ योजनेला वेग दिला.

परिणाम व मूल्यमापन : पाणी पोहोचले तेथे टँकरची वाट पाहणे कमी झाले, द्राक्ष, डाळिंब व ऊस वाढला. वीजबिलाचा 81 टक्के भार शासन व 19 टक्के शेतकरी उचलतात. बऱ्याच ठिकाणी पाणीपट्टी उसाच्या बिलातून कापली जाते. आवर्तन वेळेवर सुटणे आणि कालव्याच्या शेपटाला पाणी पोहोचणे, यावरच योजनेचे यश ठरते. लवादाची मुदत जवळ आली तेव्हा आणि शेजारच्या राज्याने दावा केला तेव्हा निधीने वेग घेतला. जतचा दुष्काळ मात्र दोन्हींच्या कितीतरी आधीपासूनचा होता. सीमाभागाचा निधी तहानेच्या मापाने ठरला असता, तर ते ठराव करण्याची वेळ गावांवर आली नसती.