पांढरी की रुपेरी?

श्रोते हो, मर्सिडीज-बेंझच्या मोटारी 1995 पासून पिंपरीत आणि 2009 पासून चाकणला बनू लागल्या. याच घराण्याची ‘डब्ल्यू 25’ ही शर्यतीची मोटार 1934 सालची. तिची टीचभर, खाचेतून पळणारी प्रतिकृती हाताने करायची आहे, असे समजा.

प्रमाण बत्तिसास एक. मूळ मोटारीच्या दोन आसांमधले अंतर सुमारे 272 सेंटिमीटर. भागिले 32, म्हणजे साडेआठ. लाकूड तासून अंग घडवायचे, पितळी पट्ट्या डाखाने जोडून सांगाडा करायचा, मागच्या आसाला चिमुकली विजेची मोटर बसवायची. पोटाखालची खुंटी वाटेवरच्या खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही कडांच्या धातूच्या पट्ट्यांतून वीज मिळते.

आता रंग कोणता द्यावा? गोष्ट अशी सांगतात: 3 जून 1934 ला जर्मनीत न्युरबर्गरिंगला शर्यत होती. मोटार 750 किलोच्या मर्यादेहून एक किलो जड भरली. व्यवस्थापक नॉयबाउअर यांनी रातोरात पांढरा रंग खरवडून काढवला, खालचा रुपेरी पत्रा चमकला, अन् मोटारीने शर्यत जिंकली! जिंकली हे खरे. पण त्या शर्यतीला वजनाची मर्यादाच नव्हती, असे पुढे अभ्यासकांनी दाखवले.

तयार संचात रंग दुसऱ्याने ठरवलेला असतो. कोऱ्या लाकडापासून करणाऱ्याला मात्र जुनी छायाचित्रे धुंडाळून ‘हे कशावरून?’ असे विचारावेच लागते. गुरुजनहो, चाकणच्या भुईकोटाच्या ऐकीव गोष्टींनाही मुलांनी हाच प्रश्न विचारावा.