बाण लागलेलं हरण

नववीच्या वर्गात गझल शिकवायला घेतली की मी माझ्या उस्तादांनी सांगितलेली गोष्ट मुलांना सांगतो. बाण लागलेलं हरण शेवटचा जो आवाज काढतं, ती गझल. वर्ग एकदम शांत होतो. मग मीच सांगतो की ही गोष्ट सुंदर आहे, पण कोशात टिकत नाही. अरबीत हरणाला 'गझाल' म्हणतात हे खरं. पण काव्यप्रकाराचं नाव प्रेमाच्या बोलण्याला जो शब्द आहे त्यावरून आलं. मूळ अक्षरं सारखी, वाटा वेगळ्या. मुलांना हे दुसरं वाक्य आवडत नाही. खरं सांगायचं तर मलाही फारसं आवडत नाही.

याच वर्गात कधीकाळी बसणाऱ्या एका विद्यार्थ्याचा गेल्या डिसेंबरात फोन आला. तो आता अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो. घराच्या मागे शेजाऱ्याची वीसेक एकर झाडी आहे. तिथे नोव्हेंबरच्या अखेरीला बंदुकीच्या शिकारीचे मुख्य दिवस संपतात, पण धनुष्यबाणाचा हंगाम पुढे जानेवारीपर्यंत चालतो. या राज्यानं 1934 मध्ये केवळ धनुष्यबाणासाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम सुरू केला, तेव्हापासूनची ही रीत. शेजाऱ्याबरोबर यानंही परवाना काढला होता.

"सर, संध्याकाळी बाण मारला. बिस्मिल्लाह म्हणून मारला. हरण पळालं. बर्फावर रक्त दिसत होतं, पण शेजारी म्हणाला, आता मागे गेलो तर ते आणखी दूर पळेल, सकाळी शोधू. सकाळी सापडलं, मेलेलं. हे खायचं का?"

मी म्हणालो, बेटा, मी उर्दू-मराठीचा मास्तर आहे, मुफ्ती नाही. फतवा तिथल्या आलिमांना विचार. पण हा प्रश्न नवा नाही, तो चौदाशे वर्षांपूर्वीच विचारला गेलाय, हे मात्र तुला सांगतो.

विचारणारे होते अदी बिन हातिम (रजि.), ज्यांच्या दातृत्वाचे किस्से आपण लहानपणी ऐकले त्या हातिमताईचे चिरंजीव. तय कबिल्याचे सरदार, आधी ख्रिस्ती, मग मुसलमान झालेले, आणि पक्के शिकारी. त्यांचे प्रश्नही शिकाऱ्याचेच. बुखारीत शिकारीच्या प्रकरणात ते नोंदले आहेत. 'मिअराद' नावाचा बिनपिसांचा जड बाण असे. तो टोकानं लागला तर काय, आणि आडवा लागून जनावर मेलं तर काय? उत्तर मिळालं: टोकानं भेदलं तर खा, आडव्या माराने मेलं तर तो ठोकून मारलेला जीव, खाऊ नका. सूरह माइदामध्ये मारहाणीने मेलेलं जनावर निषिद्ध आहे, त्याच्याशी हे जुळतं. पुढचा प्रश्न थेट माझ्या विद्यार्थ्याचा. जखमी जनावर एक-दोन दिवसांनी सापडलं तर? अंगावर तुझ्या बाणाशिवाय दुसरी खूण नसेल तर खा. पाण्यात पडलेलं सापडलं तर नको. कारण मग ते बाणाने मेलं की बुडून, हे कोण सांगणार?

धनुष्यबाणाची शिकार ज्याला ठाऊक आहे त्याला यातली बारकाई कळेल. बंदुकीच्या गोळीने जनावर बऱ्याचदा जागीच कोसळतं. बाणाचं तसं नाही. बाण धारेनं कापतो, रक्त वाहून जनावर मरतं, आणि तोवर ते पळत राहतं. म्हणून बाण सुटला की शिकार संपत नाही, तिथून माग काढण्याचं काम सुरू होतं. डिसेंबरात दिवस लवकर मावळतो, रात्रीतून कायोटी नावाचा तिकडचा कोल्हा येऊन लचके तोडतो. 'दुसरी खूण नसेल तर' ही अट अशा वेळी पुस्तकातली राहत नाही.

हनफी फिकहचा 'हिदाया' हा ग्रंथ हिंदुस्थानातल्या मदरशांत शतकानुशतकं शिकवला गेला. फरगाना खोऱ्यातल्या मरगीनानी यांनी तो बाराव्या शतकात लिहिला. त्यात एक वेगळी अट आहे. जखमी जनावर नजरेआड झालं, पण शिकारी शोधत राहिला आणि मग ते मेलेलं सापडलं, तर चालेल. शोध सोडून तो बसून राहिला आणि नंतर ते सापडलं, तर नाही. शाफई पंथात याहून सावध मतही मिळतं, तेव्हा आमच्या कोकणी भावांनी आपल्या आलिमांना विचारावं. मला मात्र त्या 'बसून राहिला' या शब्दांनी अडवलं. पंडितांचं लक्ष मांसावर होतं हे खरं, पण त्यांनी नजर शिकाऱ्याच्या पायांवरही ठेवली होती.

विद्यार्थी जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, आम्ही बसलोच होतो. कॉफी पीत."

माझ्या घरातही अशी एक रात्र आहे. दादांकडे, म्हणजे आजोबांकडे, ठासणीची बंदूक होती. 1972 चा वन्यजीव कायदा येण्याआधीच्या काळात गावाबाहेरच्या माळावर काळवीट मारायला ते जात. आज ते केलं तर तुरुंग आहे, आणि योग्यच आहे. एकदा जनावर जखमी होऊन पळालं, अंधार झाला, दादा रिकाम्या हाताने घरी आले आणि जेवायला बसले. दादीनं ताट वाढलं नाही. "हिरन उधर तडपता पडा है, और तुमना रोटी होना?" म्हणाली. दादा कंदील घेऊन परत गेले. जनावर सापडलं की नाही, हे सांगायच्या आधीच आमच्या घरात दर वेळी विषय बदलला जाई. दादीनं हिदाया वाचली नव्हती. तिला सही करता येत नव्हती.

आता हरमच्या हद्दीबद्दल. घराजवळची जमीन म्हणजे शिकारीला मोकळी, हा समज मक्केत चालत नव्हता. हजरत हमजा (रजि.) शिकारीचे शौकीन. खांद्यावर धनुष्य अडकवून शिकारीहून परतताना पुतण्याला अबू जहलनं शिवीगाळ केल्याचं त्यांना कळलं आणि तेच धनुष्य त्यांनी अबू जहलच्या डोक्यात हाणलं, ही सीरतमधली गोष्ट आपल्याला पाठ असते. पण ते शिकारीहून 'परतत' होते, म्हणजे बाहेर गेले होते. काबाभोवतीची हद्द तनईमच्या बाजूला सर्वांत जवळ, साधारण 7 किलोमीटरवर संपते. मक्काविजयाच्या वेळी, 630 मध्ये, प्रेषितांनी (स.) सांगितलं की इथलं जनावर हुसकावूही नये. मारणं तर दूरच. मदिनेच्या दोन लाव्हारसाच्या पठारांमधल्या भागालाही हा मान मिळाला. अबू हुरैरा (रजि.) सांगत की मदिनेत हरणं चरताना दिसली तरी मी त्यांना दचकवणार नाही. दारात हरण आहे, आणि माणूस हळूच बाजूने जातो.

इहराममध्ये असताना शिकार केली तर भरपाई द्यावी लागते, आणि ती दोन न्यायी माणसांनी ठरवायची, असं कुरआन सांगतं. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये यावरचा एक किस्सा आहे. दोन मित्रांनी इहराममध्ये घोड्यांची शर्यत लावली आणि त्यात एक हरण मेलं. एक जण हजरत उमर (रजि.) यांच्याकडे आला. त्यांनी शेजारच्या माणसाला बोलावलं, दोघांनी मिळून एक बकरी ठरवली. तो माणूस जाताना पुटपुटला की अमीरुल मोमिनीनना एका हरणाचा निवाडाही दुसऱ्याला विचारल्याशिवाय करता येत नाही. उमर यांनी ते ऐकलं आणि विचारलं, सूरह माइदा वाचतोस का? नाही म्हणाला म्हणून मार वाचला. शेजारचा माणूस होता अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.). एवढ्या मोठ्या साम्राज्याचा प्रमुख, आणि एका हरणासाठी दुसरा न्यायाधीश!

त्याच मुवत्तामधली दुसरी नोंद मी विद्यार्थ्याला शेवटी सांगितली. प्रेषित (स.) इहराममध्ये मक्केकडे निघाले होते. वाटेत रौहाला एक जखमी रानगाढव दिसलं. ते म्हणाले, राहू द्या, त्याचा मालक येईल. म्हणजे ज्याने जखमी केलं तो. तो खरंच आला, बहज कबिल्याचा माणूस; त्याने ते देऊन टाकलं, आणि अबू बक्र (रजि.) यांनी मांस लोकांत वाटलं. काफिला पुढे गेला. रुवैसा आणि अर्ज यांच्या मध्ये उसाया नावाच्या जागी सावलीत एक हरण अंग मुडपून पडलं होतं, अंगात बाण. या वेळी मालक दिसत नव्हता. प्रेषितांनी एका माणसाला सांगितलं, इथे उभा राहा, सगळे निघून जाईपर्यंत कोणी त्याला त्रास देऊ नये.

त्या माणसाचं नाव नोंदीत नाही. हरणाचं पुढे काय झालं, तेही नाही.

विद्यार्थ्याने स्थानिक इमामांना विचारलं, आणि शेवटी मांस शेजाऱ्याला देऊन टाकलं. परवा त्याचा पुन्हा फोन आला. शेजाऱ्याने या वर्षीही बोलावलंय. यानं डोक्याला लावायचा दिवा विकत घेतलाय, आणि संध्याकाळी उशिरा बाण सोडायचा नाही, हे शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवलंय.