खुर्चीखालची पाहुणी

नातेपुत्याला गेलात की ओसरीवरची प्लॅस्टिकची खुर्ची एकदा उलटी करून बघा, असं मी हल्ली घरच्या सगळ्यांना सांगतो. खालच्या बाजूला विस्कटलेलं पण चिवट जाळं असेल आणि त्यात वाटाण्याएवढी, काटेरी, फिकट पिवळी गोळी लटकत असेल (धोतऱ्याचं फळ अगदी छोटं करावं तशी), तर हात घालू नका. ती 'ब्राउन विडो' नावाच्या कोळ्याची अंड्यांची पिशवी. मादी तपकिरी, पायांवर पट्टे, पोटाखाली वाळूच्या घड्याळासारखी नारिंगी खूण. पण ती खूण बघायला कोळी उलटा कोण करणार? पिशवीवरून ओळखणं सोपं.

ही बया आपल्याकडची नाही. मूळची आफ्रिकेतली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. गंमत म्हणजे कोख नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८४१ साली तिचं बारसं केलं ते दक्षिण अमेरिकेतल्या नमुन्यावरून! म्हणजे कागदावर नाव चढण्याआधीच बाईसाहेब समुद्र ओलांडून गेल्या असणार. भारतातली पहिली नोंद शुक्ला आणि ब्रूम यांनी २००७ साली 'करंट सायन्स'मध्ये छापली.

आता २००७ ला नोंद झाली म्हणून ती २००७ लाच आली, असं मात्र नाही. गाजर गवताचं बघा ना. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि ते अमेरिकेच्या गव्हातून आलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पुढे वनस्पतींच्या जुन्या संग्रहात त्याचा एकोणिसाव्या शतकातला नमुना निघाला. गव्हातून बी पसरलं असेलही, पण पहिला पाहुणा त्याच्या कितीतरी आधीचा.

कोळ्याला तर गव्हाचीही गरज नाही. कुंडी, पत्रा, टायर, खुर्च्यांची चळत, काहीही चालतं. एका पिशवीत शंभराच्या वर अंडी असतात. माउलींची पालखी ज्या रस्त्याने नातेपुत्याला मुक्कामी येते, त्याच रस्त्याने वर्षभर ट्रकही येतात.

आणि आपणही काही कमी नाही. भिंतीवर रात्री दिसतो तो चपटा, तळहाताएवढा कोळी, ज्याची मादी पोटाखाली पांढरी चकती घेऊन फिरते, तो मूळचा आशियातला. जहाजांतून, केळीच्या घडांतून तो जगभर गेला. फ्लोरिडातल्या घरांत तो परका!

असो. ब्राउन विडो दिसलीच तर लांब दांड्याच्या झाडूने पिशव्यांसकट काढा, हातमोजे घालून. ती लाजाळू आहे, दाबली गेली तरच चावते. चावा दुखतो, पण सहसा जिवावरचा नसतो. लहान मुलाला चावली तर मात्र घरगुती उपाय करत न बसता सरळ दवाखाना गाठा. भिंतीवरच्या त्या मोठ्याला राहू द्या, झुरळं तोच खातो.