लोखंडावरील लेख : जुन्या मोटारींच्या ओळख-क्रमांकांविषयी

अभिलेखविद्येच्या विद्यार्थ्यास शिलालेख व ताम्रपट यांचे वाचन शिकविले जाते; परंतु विसाव्या शतकाने लोखंडावर ठोकून ठेवलेल्या लेखांकडे त्याचे लक्ष क्वचितच वळते. जुन्या मोटारीवरील ओळख-क्रमांक हा असाच एक लेख होय. तो कोठे शोधावा व कसा वाचावा, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

अलिबाग तालुक्यातील थळ येथे एखाद्या वाडीत १९५५ साली नोंदविलेली मोटार उभी आहे असे समजू. तिच्या मूळ कागदावर मुंबई राज्य व कुलाबा जिल्हा ही नावे असतील; १९६० नंतरच्या हस्तांतराच्या नोंदीत महाराष्ट्र राज्य येईल; १९८१ नंतरच्या नोंदीत रायगड जिल्हा येईल. १९८९ च्या नव्या पद्धतीने याच जिल्ह्यास 'एमएच ०६' हे चिन्ह मिळाले. गाडी जागची हलली नाही, तरी तिचा पत्ता तीनदा लिहिला गेला. तात्पर्य, नोंदणीचे कागद यंत्राइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, शासनाचा इतिहास सांगतात. यंत्राचा इतिहास यंत्रावरच शोधावयास हवा.

तेथेही सर्व पुरावे सारख्या तोलाचे नसतात. पत्र्याची पाटी रिबिटे काढून दुसऱ्या गाडीस लावता येते. इंजिन बदलता येते. सांगाडा, म्हणजे चासी, सहसा बदलत नाही. म्हणून चासीवर ठोकलेल्या क्रमांकास प्रथम मान द्यावा. फोर्डच्या मॉडेल ए गाडीत इंजिनाच्या डाव्या अंगावरील क्रमांकच सांगाड्याच्या डाव्या दांडीवरही ठोकीत. मात्र हा दुसरा क्रमांक बॉडीखाली झाकला जाई. याउलट त्याच कारखान्याच्या मॉडेल टी गाडीची ओळख मुख्यतः इंजिनाच्या क्रमांकावरूनच ठरत असे. तेव्हा कागदावरील व चासीवरील आकडे जुळले नाहीत, एवढ्यावरून लबाडीचा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे ठरेल. उत्पादकाची रीत आधी जाणून घ्यावी.

आता वाचनाविषयी. परिवहन कार्यालयात चासीच्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासण्याची व तो छाप अर्जास जोडण्याची प्रथा आहे. शिलालेखाचा ठसा घेण्याचीच ही धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाही. डोळा अपेक्षित अक्षर पाहतो. कागद असलेले अक्षर उचलतो. रोमन 'आय' व एक, 'ओ' व शून्य यांची गल्लत नित्याची आहे. पुढे सतरा चिन्हांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक रूढ झाला, तेव्हा 'आय', 'ओ' व 'क्यू' ही अक्षरे त्यातून मुद्दाम वगळण्यात आली. जुन्या क्रमांकांस हे संरक्षण नाही. संशयित चिन्ह त्याच गाडीवरील निःसंशय चिन्हांशी ताडून पाहणे, हाच तेथे मार्ग.

थळच्या किनाऱ्यावर मात्र वाचनापूर्वीच लेख नाहीसा होण्याचे भय आहे. समोरच्या खांदेरीवरील लोखंडी तोफांस आणि वाडीतील मोटारीस खाणारा खारा वारा एकच. गंज दिसताच पॉलिशच्या चक्राने पृष्ठभाग घासून काढण्याची घाई होते, आणि गंजाबरोबर आकडाही जातो. मऊ ब्रश, तेल आणि सबुरी यांनी पुष्कळदा काम भागते. आकडा ठोकताना त्याखालचे लोखंडही दबते. म्हणूनच घासून पुसलेला क्रमांक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्लाच्या साहाय्याने कधी कधी पुन्हा दृष्टीस आणता येतो. परंतु घासणे खोल गेले असल्यास तोही उपाय खुंटतो. पुसलेल्या जागी अंदाजाने नवे आकडे ठोकणे ही तर दुरुस्ती नव्हे. ती बनावट सनद होय.

२०२१ साली केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या व चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या खाजगी गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी ठरविली. अशा गाडीचा मूळपणा सिद्ध करावयाचा तो अखेर याच ठोकलेल्या आकड्यांवरून. मालकाच्या लेखी गंज हा मळ असेल. अभ्यासकाने त्यास लेखावरचे आवरण मानावे, आणि ठसा घेतल्यावाचून त्यास हात लावू नये.