जलोत्सव आणि दोन वर्षांमधील अंतर

ब्रह्मदेशातील (आजच्या म्यानमारमधील) थिंजान, थायलंडमधील सोंक्रान आणि लाओस व कंबोडिया येथील नववर्षोत्सव एप्रिलच्या मध्यास येतात आणि सामान्यतः ‘बौद्ध नववर्ष’ ह्या नावाने ओळखले जातात. वस्तुतः बुद्धचरित्रातील कोणत्याही प्रसंगाशी ह्या दिवसांचा संबंध नाही. बुद्धाचा जन्म, संबोधी व परिनिर्वाण ह्यांचे स्मरण वैशाखी पौर्णिमेस होते. जलोत्सवाचा काळ मात्र सूर्याच्या मेषप्रवेशावरून ठरतो. मग ह्या उत्सवास बौद्ध म्हणावयाचे ते कोणत्या अर्थाने? ह्या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठी प्रथम त्यामागील कालगणनेकडे वळणे अवश्य आहे.

थिंजान व सोंक्रान ही दोन्ही ‘संक्रांति’ ह्या शब्दाचीच रूपे होत. आग्नेय आशियातील कोरीव लेखांत आढळणारा ‘महाशक’ हा महाराष्ट्रास परिचित असलेला, इ. स. ७८ मध्ये सुरू होणारा शालिवाहन शकच आहे. त्यानंतर ५६० वर्षांनी, म्हणजे २२ मार्च ६३८ पासून मोजला जाणारा ‘चुल्लशक’ पुढे ह्या चारही देशांत रूढ झाला. त्याचे वर्षमान सूर्यसिद्धांताच्या परंपरेतील, सुमारे ३६५.२५८८ दिवसांचे आहे. सायन वर्षाहून ते किंचित मोठे असल्यामुळे साधारणपणे ६० वर्षांत एक दिवस ह्या गतीने वर्षारंभ वसंतसंपातापासून दूर सरकत गेला. मार्चमधील नववर्ष एप्रिलच्या मध्यापर्यंत आले, त्याचे कारण हेच.

ह्याच गणितात उत्सवाच्या कालावधीचेही मूळ आहे. ब्रह्मी पंचांगात थिंजानचा आरंभ (‘अक्या’) व समाप्ती (‘अतत’) ह्यांमध्ये सुमारे २ दिवस ४ तासांचे अंतर धरतात. हे अंतर स्वैर नव्हे. स्पष्ट सूर्याचा मेषप्रवेश आणि मध्यम सूर्याचा मेषप्रवेश ह्यांमध्ये जवळजवळ इतकाच काळ जातो. भारतीय ज्योतिर्गणितात त्यास ‘शोध्य’ अशी संज्ञा असून, शंकर बाळकृष्ण दीक्षित व रॉबर्ट स्युएल ह्यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय पंचांगविषयक इंग्रजी ग्रंथात तिचे विवेचन आहे. भारतात जी राशी केवळ गणकाच्या उपयोगाची राहिली, तीच ब्रह्मदेशात लोकोत्सवाचा अवधी बनली. थायलंडमध्येही महासोंक्रान आणि ‘थलंग सोक’ म्हणजे शकारंभ, ह्यांच्यामध्ये एक मधला दिवस मानलेला आहे.

जुने वर्ष सरले, परंतु नवे अद्याप लागले नाही, असा हा संधिकाल. ब्रह्मी समजुतीप्रमाणे थग्यामिन, म्हणजे शक्र, आरंभक्षणी पृथ्वीवर उतरतो, सत्कृत्यांची नोंद सुवर्णपत्रावर व दुष्कृत्यांची श्वानचर्मावर करतो आणि समाप्तीच्या क्षणी स्वर्गास परततो. ब्रह्माच्या छिन्न मस्तकाची कथाही ह्याच उत्सवाशी निगडित आहे. ते भूमीवर पडल्यास भूमी जळेल व सागरात पडल्यास सागर आटेल, म्हणून देवकन्या ते वर्षावर्षाने आळीपाळीने सांभाळतात. थायी कथेत ह्या कन्या सात असून त्या सात वारांशी जोडलेल्या आहेत. पात्रे वैदिक-पौराणिक आहेत; परंतु पाली वाङ्मयातील शक्र हा बुद्धाचा उपासक असल्याने त्याचे आगमन बौद्ध समाजास परके वाटले नाही.

ह्या संधिकालात काय करावे, हे मात्र बौद्ध आचाराने ठरविले. बुद्धमूर्तीस स्नान घालणे, वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी ओतून आशीर्वाद घेणे, विहाराच्या आवारात वाळूचे चैत्य रचणे, मासे पाण्यात सोडणे आणि उपोसथाचे शील पाळणे ही सर्व पुण्यकर्मे आहेत. रस्त्यांवरील जलक्रीडा हा त्यांचाच लौकिक विस्तार होय. पाणी मेषसंक्रांतीचे अपरिहार्य अंग नाही, हे श्रीलंकेवरून दिसून येते. तेथेही एप्रिलमधील संक्रमणकाळास पुण्यकाल म्हणतात. त्या अवधीत नित्याची कामे थांबतात, चूल पेटत नाही आणि नववर्ष लागल्यावर मस्तकास तेल लावण्याचा विधी होतो. जलक्रीडा तेथे नाही. शिवाय हा उत्सव सिंहली बौद्ध व तमिळ हिंदू हे दोघेही करतात.

कालगणना व आचार ह्यांतील भेद सयामच्या इतिहासात विशेष स्पष्ट होतो. राजा चुलालोंगकोर्न ह्याने १८८९ पासून १ एप्रिल हा वर्षारंभ ठरविला. १९४१ पासून तो १ जानेवारीस नेण्यात आला आणि त्यासाठी त्याआधीचे बौद्ध वर्ष २४८३ नऊ महिन्यांतच संपविण्यात आले. सोंक्रानचे शासकीय वर्षारंभाचे स्थान अशा रीतीने नष्ट झाले, तरी उत्सव टिकला. युनेस्कोने थायलंडमधील सोंक्रानची २०२३ मध्ये व म्यानमारमधील थिंजानची २०२४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

ह्यावरून असे म्हणता येईल की, ‘बौद्ध’ हे विशेषण येथे तिथीस लागू नसून आचारास लागू आहे. राजाज्ञेने वर्षारंभ हलविता आला. वडिलांच्या हातांवर पाणी ओतण्याचा दिवस मात्र हलविता आला नाही.