समाईक क्लस्टर आणि वाटणीचा तंटा

शेकडो संगणक जोडून उभ्या केलेल्या क्लस्टरवर एकाच वेळी अनेकांची कामं चालतात. त्यात कुणाला किती द्यायचं हा प्रश्न जुना आहे. 1988 साली विस्कॉन्सिन विद्यापीठातली कॉन्डॉर ही प्रणाली रिकामी पडलेली यंत्रं हुडकून त्यांवर दुसऱ्यांची कामं लावत असे आणि यंत्राचा मालक परतला की काम तिथून हलवत असे. पण आजच्या वाटणीचं मूळ मला हडूप या प्रचंड डेटा हाताळणाऱ्या प्रणालीच्या अडचणींत दिसतं.

याहूमध्ये हडूप 2006 पासून वाढलं. आधी मागेल त्याला वेगळा छोटा क्लस्टर काढून देत. काम संपत आलं तरी त्यातली यंत्रं अडकून राहत. मग सगळ्यांचा क्लस्टर एक झाला आणि जॉबट्रॅकर नावाचा एकच कारभारी सगळं पाहू लागला. त्याने प्रत्येक यंत्राचे ठरावीक स्लॉट, म्हणजे कामाच्या जागा, पाडले होते, काही मॅपसाठी (डेटाच्या तुकड्यांवरचं पहिलं काम), काही रिड्यूससाठी (त्यांचे निकाल एकत्र करणं). मॅपचे स्लॉट भरले की रांग लागायची, शेजारी रिड्यूसचे मोकळे असले तरी. जॉबट्रॅकर बंद पडला की चालू कामं बुडत.

स्लॉट आले तशा पळवाटाही आल्या. याहूच्या एका केंद्रात कुणाच्या तरी लक्षात आलं की मॅपच्या स्लॉटसाठीच झुंबड आहे. त्याने आपलं सगळं काम रिड्यूसमध्ये घालून चालवायला सुरुवात केली. दुसऱ्या एका मोठ्या शोध-कंपनीत यंत्रं पुरती वापरात ठेवणाऱ्यालाच ती स्वतंत्र मिळत. तिथल्या लोकांनी वापर फुगवून दाखवण्यासाठी प्रोग्राममध्ये नुसती फिरत राहणारी चक्रं पेरली. हे दोन्ही किस्से बर्कलीतल्या अली घोडसी, माटेई झहारिया, बेंजामिन हिंडमन, आयन स्टोइका प्रभृतींनी 2011 च्या आपल्या निबंधात नोंदवले आहेत. लबाडी करून काही मिळूच नये अशी वाटणी त्यांना हवी होती.

त्यांनी दिलेलं उदाहरण पाहा. क्लस्टरमध्ये 9 सीपीयू आणि 18 जीबी मेमरी आहे. पहिल्याच्या प्रत्येक कामाला 1 सीपीयू आणि 4 जीबी लागतात, दुसऱ्याच्या कामाला 3 सीपीयू आणि 1 जीबी. सरळ निम्मंनिम्म केलं तर पहिल्याची 2 कामं चालतात, दुसऱ्याचं 1. भावाभावांत एकाला विहिरीचं पाणी जास्त लागावं आणि दुसऱ्याला जमीन, तरी दोन्हींचे निम्मे तुकडे पाडावेत, तसं हे झालं. बर्कलीकरांनी विचारलं, ज्याला जे सर्वांत जास्त लागतं त्यातला त्याचा वाटा किती? पहिल्याची भिस्त मेमरीवर, दुसऱ्याची सीपीयूवर. हे दोन वाटे सारखे करत गेलं की पहिल्याला 3 कामं मिळतात, म्हणजे 12 जीबी. दुसऱ्याला 2, म्हणजे 6 सीपीयू. दोघांकडेही आपापल्या मुख्य वस्तूचा दोन तृतीयांश भाग येतो आणि निम्म्या वाटणीपेक्षा दोघांचंही एकेक काम जास्त चालतं. गरज खोटी सांगून इथे कुणाचाच फायदा होत नाही. हीच मला या पद्धतीची खरी थोरवी वाटते. तिचं नाव डॉमिनंट रिसोर्स फेअरनेस, म्हणजे डीआरएफ.

हा निबंध ज्या परिषदेत मांडला गेला, त्याच परिषदेत याच मंडळींनी मेसॉस हा वाटणीचा कारभारीही मांडला. मेसॉसने प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनची गरज समजून घेण्याचा खटाटोपच सोडला. कुठे किती मोकळं आहे ते तो पुढे करतो. घ्यायचं की नाकारायचं ते हडूपसारख्या फ्रेमवर्कने ठरवायचं. आपला डेटा ज्या यंत्रावर आहे तेच मिळेपर्यंत ते थांबूही शकतं. स्पार्क ही डेटा-प्रणालीही सुरुवातीला मेसॉसवरच चालत असे.

याहूकडच्या अरुण मूर्ती, विनोदकुमार वाविलापल्ली आदींनी हडूपचा नवा कारभारी यार्न घडवताना उलटी वाट धरली. 2013 च्या हडूप 2 मध्ये तो आला. जॉबट्रॅकरचं काम दुभागलं गेलं. क्लस्टरची वाटणी रिसोर्स मॅनेजरकडे राहिली आणि प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनला स्वतःचा मास्टर मिळाला. तो मास्टर किती मेमरी आणि किती कोअर हवेत ते मागतो. स्लॉट गेले. डीआरएफही यार्नमध्ये आलं, पण त्यातला कपॅसिटी शेड्युलर हा वाटणी करणारा भाग मुळात फक्त मेमरी मोजतो. डॉमिनंट रिसोर्स कॅल्क्युलेटर ही सेटिंग स्वतःहून लावली नाही, तर सीपीयू त्याच्या हिशेबात येतच नाही.