जमीन वाचण्याचा अधिकार

भूशास्त्रात एम.एस्सी. करायचे म्हटले की घरचे आधी नोकरीचे काय, ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण या पदवीचा आपल्याकडचा इतिहास पाहिला, तर तिच्या मुळाशी याहून मोठा प्रश्न होता असे दिसते: या देशाच्या जमिनीचा अर्थ कोणी लावायचा? 1851 मध्ये टॉमस ओल्डहॅम कलकत्त्यात दाखल झाले आणि जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे काम मार्गी लागले. ईस्ट इंडिया कंपनीला कोळसा हवा होता, त्यासाठी नकाशे हवे होते. ते नकाशे मेहनतीने आणि उत्तम झाले, यात शंका नाही. पण खडक फोडणारे, तंबू वाहणारे, वाट दाखवणारे हात इथले होते आणि निष्कर्षाखालची सही बहुतेक वेळा युरोपीय माणसाची असे. हे अंतर मिटवण्यात इथल्या विद्यापीठांच्या पदव्युत्तर शिक्षणाचा वाटा मोठा आहे, आणि ते त्याला साधले ते प्रत्यक्ष क्षेत्रकामाच्या बळावर, असे माझे म्हणणे आहे.

ओल्डहॅम यांनी 1873 च्या सुमारास काही भारतीय तरुणांना शिकाऊ म्हणून घेतले होते. किशन सिंग आणि हिरालाल त्यांपैकीच. त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, पण ते सब-असिस्टंटच्या पायरीवरच राहिले. ओल्डहॅम यांच्यानंतर आलेले मेडलिकॉट यांचे तर उघड मत होते की नैसर्गिक विज्ञानात स्वतंत्र संशोधन करण्याची कुवत भारतीयांत नाही. अशा काळात, 1880 मध्ये, प्रमथनाथ बोस अधिकारी म्हणून रुजू झाले. गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला गेले होते. लंडन विद्यापीठाची पदवी आणि रॉयल स्कूल ऑफ माइन्सचे शिक्षण त्यांच्या गाठीशी होते. तरीही 1903 मध्ये त्यांना दहा वर्षांनी कनिष्ठ असलेले टॉमस हॉलंड संचालक झाले आणि बोस यांनी सर्व्हे सोडला. पुढच्याच वर्षी त्यांनी मयूरभंजच्या लोहखनिजाबद्दल जमशेदजी टाटांना पत्र लिहिले. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याच्या जन्मकथेत त्या पत्राला मानाचे स्थान आहे.

यावर कोणी म्हणेल की बोस यांचेच उदाहरण या प्रतिपादनाच्या विरोधात जाते: पदवी असूनही डावलले गेले, मग पदवीने काय साधले? आक्षेपात तथ्य आहे. पदवीने पूर्वग्रह मोडत नाही. पण किशन सिंग, हिरालाल आणि बोस यांची तुलना करून पाहावी. पदवी नसलेल्यांना दार उघडलेच नाही. बोस यांना उघडले, पण पदवी परदेशातून आणावी लागली. शिष्यवृत्ती मिळेल तो जाणार, बाकीचे मागे राहणार. म्हणून इथेच शिकवण्याची सोय होणे महत्त्वाचे होते. 1892 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भूशास्त्राचे वर्ग सुरू झाले, तेही याच हॉलंड यांच्या हातून. खाणशास्त्राचे विद्यालय देशात काढावे अशी मागणी राष्ट्रीय सभेने 1901 च्या अधिवेशनात केली. धनबादला ते 1926 मध्ये उघडले.

या साखळीतला निर्णायक दुवा आपल्याकडचा, मुंबई विद्यापीठाचा आहे. सुरतेत जन्मलेल्या दाराशॉ नोशेरवान वाडिया यांनी त्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बडोदा कॉलेजातून 1906 मध्ये जीवशास्त्र आणि भूशास्त्र घेऊन एम.ए. केले. पुढे ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात शिकवू लागले. सुट्टीत शिवालिकच्या टेकड्या धुंडाळताना त्यांना स्टेगोडॉन या नामशेष हत्तीचा सुळा सापडला. कॉलेजात शिकवत असतानाच त्यांनी भारताच्या भूशास्त्रावर पाठ्यपुस्तक लिहिले, ते 1919 मध्ये निघाले आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. 1921 मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते सर्व्हेत गेले. युरोपीय पदवी नसताना अधिकारी झालेले ते पहिले भारतीय. नंगा पर्बताभोवती हिमालयाच्या रांगा एकाएकी का वळतात, याचा त्यांनी लावलेला उलगडा जगाने मानला.

आता दुसरा आक्षेप: हे वाडियांच्या प्रतिभेचे यश, बडोद्याच्या अपुऱ्या साधनांत झालेल्या एम.ए.चे नव्हे. मला वाटते, उत्तर या आक्षेपातच आहे. कॉलेज जे देऊ शकले नाही ते त्यांनी डोंगर पायी तुडवून मिळवले. भूशास्त्राची पदवी अशीच पुरी होते. विद्यार्थी कंपास घेऊन थराचा उतार किती अंशांचा आणि कोणत्या दिशेला, म्हणजे त्याची नती, मोजतो. तिला काटकोनात जाणारा नतिलंब वहीत उतरवतो. हातोड्याने नमुना काढून क्रमांक घालतो. प्रयोगशाळेत त्याच नमुन्याची चकती 0.03 मिलिमीटर जाडीपर्यंत घासली की एरवी काळाठिक्कर वाटणारा बेसॉल्ट सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाश आरपार जाऊ देतो आणि त्यातली खनिजे ओळखता येतात. डोंगरावर मांडलेला अंदाज इथे तपासला जातो, आणि चुकला तर पुन्हा डोंगरावर जावे लागते.

उपग्रहाच्या प्रतिमा आणि संगणकाची प्रारूपे हाताशी असताना ही पायपीट कशाला, हा आजचा आक्षेप. ही साधने आवश्यकच आहेत. पण दख्खनच्या बेसॉल्टात पाणी राहते ते भेगांत, झिजलेल्या पट्ट्यांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यांत. म्हणून एका विहिरीला पाणी लागते आणि शेजारची कोरडी जाते. प्रतिमा जागा सुचवते, खात्री जमिनीवर होते. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाने तर स्थिर मानलेल्या या पठाराबद्दलचे समजच हलवले, आणि प्रश्न सोडवायला याच मातीत तयार झालेले अभ्यासक लागले.

1951 मध्ये एम. एस. कृष्णन सर्व्हेचे पहिले भारतीय संचालक झाले आणि अधिकाराचा तो जुना प्रश्न कागदोपत्री सुटला. विद्यापीठात मात्र प्रत्येक तुकडीला तो नव्याने सोडवावा लागतो. खर्चाचे किंवा वेळेचे कारण सांगून एम.एस्सी.तले क्षेत्रकामाचे दिवस कापले, तर दुसऱ्यांनी काढलेले निष्कर्ष पाठ करणारे पदवीधर तयार होतील, आणि ज्या दुय्यम भूमिकेतून बाहेर पडायला आपल्याला पाऊणशे वर्षे लागली तिथेच आपण आपणहून परत जाऊ. नोकरीची काळजी जरूर करावी. पण स्वतः मोजून, तपासून जमिनीबद्दल ठामपणे बोलता येणे, हीच या पदवीची खरी कमाई आहे आणि तिच्यावर खर्च करणे विद्यापीठांचे कर्तव्य आहे.